याची मोटर कोन बंद करन?

मूर्तिजापुरात पाणी वरून खाली पडताना दिसतं ते दोनच वेळा. एक पाऊस येतो तेव्हा, आणि दुसरं, गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागते तेव्हा. पहिल्याची आम्ही वाट पाहतो, दुसऱ्याला शिव्या देतो. टाकी वाहू लागली की गल्लीतली कोणीतरी वहिनी आपल्या अंगणातूनच ओरडते, "अवो, टाकी भरली नं! मोटर बंद करा!" आणि घरात जो हाताशी असेल तो बटनाकडे पळत सुटतो. आमच्या घरची पोरं या पळण्यात चालायला लागल्यापासून तरबेज आहेत. अक्षरओळख व्हायच्या आधी त्यांना मोटरच्या बटनाची ओळख झाली.

हा आमच्या पोरांचा काही खास गुण नव्हे, ही जमिनीची करणी आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा खारपाणपट्टा पसरलेला आहे, आणि आमचा तालुका त्यातलाच. जमिनीखाली पाणी नाही असं नाही. आहे, भरपूर आहे, आणि खारं आहे. विहिरीला पाणी लागलं म्हणून एखाद्यानं पेढे आणावेत, आणि पहिल्या घोटानंतर पुडा तसाच बांधून ठेवावा, असा हा प्रकार. शहराला पिण्याचं पाणी येतं ते दूर महानच्या काटेपूर्णा धरणातून, आणि तेही त्याच्या सवडीनं. त्यामुळं पाण्याबद्दलचं आमचं सौंदर्यशास्त्र जरा वेगळं आहे. चांगलं पाणी म्हणजे मुकाट भरलेलं पाणी. माठात, रांजणात, टाकीत. पाण्याचा आवाज आला तर तो आमच्याकडे खळखळाट नसतो, गळती असते. धबधब्यांवर ज्यांनी भरभरून लिहिलं ते बहुतेक कोकणातले नाहीतर सह्याद्रीच्या कुशीतले. त्यांचं बरोबरच आहे. त्यांना कधी वॉशर बदलावा लागला नसेल.

दुसरी अडचण सपाटीची. आमच्याकडे जमिनीला उतार आहे हे फक्त नदीला माहीत. गावातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे जंक्शनवरचा दादरा, आणि तो चढून उतरला की आमच्या धाकट्याच्या हिशेबी डोंगर झाला. अशा पोरांना एकदा खरा डोंगर आणि खरा धबधबा दाखवावा, असं श्रावणातल्या एका रविवारी घरात ठरलं. ठरवणारा माझा भाऊ. तो ठरवतो, आम्ही डबे भरतो.

कुठं जायचं यावर मात्र आईपुढं कोणाचं चाललं नाही. भावाच्या मनात चिखलदरा होतं. भीमकुंड, पंचबोल, पावसाळ्यातलं धुकं, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. उत्साहाच्या भरात त्यानं भीमकुंडाची कथाही सांगितली, की भीमानं कीचकाला मारून याच दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि म्हणून चिखलदरा. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ज्या जागेवरून भीमानं मानूस फेकला, तिथं मी लेकरं नेत नाही." विषय संपला. मग धारगड निघालं. अकोटच्या वरच्या अंगाला मेळघाटात महादेवावर धार पडते, श्रावणात यात्रा भरते. पण मेळघाट म्हटल्यावर वहिनीला वाघ आठवला आणि पोरांनाही वाघच आठवला. वहिनीला तो नको होता, पोरांना हवा होता, म्हणून तेही बारगळलं. शेवटी आईच म्हणाली, "मुक्तागिरीले चाला. तिथं पायऱ्या हायेत."

लहान पोरांना घेऊन डोंगरावर जायचं तर यापेक्षा अचूक निकष मी कुठल्या माहितीपुस्तकात वाचलेला नाही. पायरी असली की कुठं पाय द्यायचा हे ठरलेलं असतं, कुठं बसायचं हेही ठरलेलं असतं, आणि पोराला मोजायला काहीतरी मिळतं.

मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, परतवाडा असा रस्ता. या रस्त्याच्या कधी डाव्या, कधी उजव्या अंगाला गवतात हरवलेले लोखंडी रूळ दिसतात, ते शकुंतलेचे. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी ही अडीच फुटी रुळांवरची गाडी, किलिक निक्सन कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायला घातलेली. मँचेस्टरला 1921 साली घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत राबलं. इतकी नोकरी करून त्याला पेन्शन मिळाली की नाही, असं आमचे अण्णा विचारत. अण्णांच्या तरुणपणी अचलपूरला जायचं तर हीच गाडी. 76 किलोमीटरांना चार तास. दर्यापूरचं स्टेशन असूनही नाव बनोसा. शेवटी शेवटी तर तिकीट देणं, झेंडी दाखवणं, इंजिन सोडणं-जोडणं हे सगळं मोजकी माणसंच आलटून पालटून करत. अण्णा सांगत की मधे खाली उतरून, शेंगा तोडून, परत धावत येऊन डब्यात चढता येई. यात शेंगा किती खऱ्या आणि किती अण्णांच्या, ते सोडून देऊ. आता गाडी बंद आहे, ब्रॉडगेजची वाट पाहणं चालू आहे. पण पुढं मुक्तागिरीच्या पायऱ्यांवर मला तिची फार आठवण झाली, कारण चार वर्षांच्या पोराला घेऊन डोंगर चढणं आणि शकुंतलेनं अचलपूर गाठणं या एकाच वेळापत्रकातल्या गोष्टी आहेत. हात दाखवला की थांबायचं. हात नाही दाखवला तरी थांबायचं.

अंजनगाव यायच्या आत पुतण्याला मळमळलं. गाडी रस्त्याकडेला घेतली, वहिनी त्याच्या तोंडावर पाणी मारतेय, मी पिशवी धरून उभा, आणि अशा वेळी आमचा भाऊ माझ्या मोठीला इतिहास सांगत होता, की 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला शिंद्यांना इथंच, सुर्जी-अंजनगावला, तह करावा लागला. मोठीनं विचारलं, "त्याहीले पन गाडी लागली होती काय?" तिच्या मते या गावी थांबायला दुसरं कारण असू शकत नव्हतं.

पुढं उत्तरेला निळी रेघ दिसू लागली. धाकटा म्हणाला, ढग. मी म्हणालो, सातपुडा. तो म्हणाला, नाही, ढगच. परतवाड्यापर्यंत तो आपल्या मतावर ठाम होता. ढगावर झाडं दिसायला लागल्यावर त्यानं विषय बदलला आणि आलुबोंडा मागितला.

मुक्तागिरी तसं मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. पण जायचं परतवाड्यावरून, चौदा किलोमीटर, आणि लोक मराठी बोलतात, त्यामुळं राज्य बदललं हे फक्त मोबाइलला कळतं. त्यानं स्वागताचा संदेश पाठवला तो भावानं मोठ्यानं वाचून दाखवला. पोरं खिडकीला नाक लावून दुसरं राज्य पाहू लागली. दुसऱ्या राज्यात सोयाबीन होतं, तूर होती आणि रस्त्यात बसलेल्या म्हशी होत्या. "हे तं आपल्यासारखंच आहे," पुतण्या म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तिकिटाचे पैसे वाया गेल्याचं दुःख होतं.

दिगंबर जैनांचं हे सिद्धक्षेत्र. डोंगराच्या अंगावर बावन्न मंदिरं, पांढऱ्या कळसांची, हिरव्या रानात वरखाली बसलेली, आणि त्यांच्या मधूनच पावसाळ्यात धबधबा कोसळतो. कथा अशी की एक मेंढा वरून ध्यानस्थ मुनींपुढं पडला. मरणाऱ्या मेंढ्याच्या कानात मुनींनी णमोकार मंत्र म्हटला, तो देव झाला आणि त्यानं इथं मोत्यांचा पाऊस पाडला. ही कथा भावानं सांगायला सुरुवात केली तेव्हा आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की मेंढा पडायच्या आतच तो थांबला. कोणी तरी वरून खाली पडल्याची कथा त्या दिवशी तिला कुठलीच चालणार नव्हती.

पवित्र जागा म्हणून आईनं डब्यात कांदा-लसूण घातला नव्हता आणि चपला आम्ही खालीच काढल्या. अनवाणी चढायचं म्हटल्यावर मोठी माणसं हळूहळू पाय टाकू लागली, पोरं मात्र एकदम मोकळी झाली. ओली, गार, गुळगुळीत पायरी पायाला लागली आणि आतापर्यंत "कडेवर घ्या" म्हणणारा धाकटा म्हणाला, "मले सोडा."

मग आमची शकुंतला निघाली. पहिलं स्टेशन एक वाणी. हात लागला की वेटोळं करून पडणारा, अंगाला असंख्य पाय असलेला तो किडा. त्याला काडीनं डिवचायचं, तो गोल होणार, मग तो उलगडेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. वाणी उलगडायला घाई करत नाही. दुसरं स्टेशन शेवाळलेल्या कठड्यावरची गोगलगाय. तिसरं वानरं. ती पायरीच्या कडेला रांगेत बसून आमच्या पिशव्यांची झडती नजरेनं घेत होती. पुतण्यानं आपला बिस्किटपुडा शर्टाच्या आत घातला, तिथंच त्याचा चुरा झाला, आणि उरलेला वेळ तो ठिकठिकाणी खाजवत होता.

"आता किती रायलं?" हा प्रश्न मुलं पायरीगणिक विचारतात. त्याला वऱ्हाडात एकच उत्तर आहे, "हे काय, आलंच." हे उत्तर आमच्याकडं बसच्या वेळेलाही देतात, पावसालाही देतात आणि कापसाच्या भावालाही देतात. मोठीला ते पुरत नव्हतं. ती पायऱ्या मोजत होती. मधेच कोणीतरी तिला काही विचारलं की आकडा विसरून परत एकपासून. त्यामुळं वर पोचलो तेव्हा तिच्या हिशेबानं डोंगर फारच लहान निघाला.

आवाज आधी आला. पोरं थांबली. धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात आनंद नव्हता, काळजी होती. वळणावरून पुढं आलो तर समोर काळ्या कड्यावरून पांढरं पाणी सरळ खाली. मोठी माणसं आपापल्या परीनं कामाला लागली. वहिनीनं फोन काढला. बायको म्हणाली, "किती सुंदर!" आईनं हात जोडले. भाऊ सांगू लागला की हा खडक म्हणजे लाव्हाच्या थरांचा, थरांचा म्हणून असे उभे कडे, आणि आपल्या वावरातली काळी माती हीसुद्धा अशाच खडकाचा भुगा.

धाकट्यानं माझा सदरा ओढला. "बाबा, याची मोटर कोन बंद करन?"

आम्ही हसलो. तो हसला नाही. "किती पानी वाया जाऊन रायलं," तो म्हणाला, अगदी शेजारच्या वहिनींच्या आवाजात. एवढ्या वेळात कोणीच उठून बटनाकडं जात नाही हे त्याला पटतच नव्हतं. आम्ही सगळे, ज्यांनी त्याला जन्मल्यापासून हेच शिकवलं, ते तोंड वर करून वाहत्या टाकीचे फोटो काढत होतो.

मोठीनं शाळेतलं ज्ञान बाहेर काढलं. "मोटर नसते रे. सूर्य समुद्राचं पानी वर ओढते, मंग ढग होते, मंग पाऊस."

"मंग सूर्यच मोटर झाला नं?"

"हो."

"त्याचं बिल कोन भरते?"

भाऊ म्हणाला, देव. पुतण्या म्हणाला, सरकार. माझ्या मते या प्रश्नावर विजेच्या खात्यातल्या माणसांनी बोलावं, मी नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की हा धबधबा पावसाच्या पाण्याचा आहे, पाऊस गेला की बारीक होत जातो आणि उन्हाळ्यात राहतच नाही.

हे ऐकून त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे याचे पन नळ जातात!" त्या क्षणापासून धबधबा त्याला ओळखीचा झाला. आतापर्यंत आईच्या मागं उभा होता तो पुढं आला, कठड्याच्या गजांतून तोंड घालून नीट पाहू लागला, आणि मग त्यानं जे केलं ते कोणत्याही मूर्तिजापूरकरानं केलं असतं. नळ आलेत म्हटल्यावर त्यानं बाटली मागितली.

बाटली भरायला मात्र आम्ही त्याला प्रवाहात उतरू दिलं नाही. पावसाळ्यातल्या धबधब्याचा भरवसा नसतो. इथं ऊन असतं, वर डोंगरात पाऊस पडतो आणि पाणी एकदम वाढतं. शेवाळावरून पाय सरकायला तर तेवढंही निमित्त लागत नाही. पायरीच्या बाजूनं दगडातून एक बारीक झरा पाझरत होता, तिथं बाटली धरली. ती भरायला बराच वेळ लागला आणि तो सगळा वेळ घरची तिन्ही पोरं तिच्याभोवती उकिडवी बसून होती. समोर एवढा मोठा धबधबा, आणि त्याच्याकडं तिघांचीही पाठ. मी त्यांना वळवायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे. भरू दे." मग तिनं पदराचं टोक बाटलीच्या तोंडावर धरलं आणि गाळून दुसऱ्या बाटलीत ओतलं. शेजारून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या जैन बाईंनी ते पाहून मान हलवली. गाळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही हा त्यांचा धर्म, आणि नळाच्या तोंडाला फडकं बांधणं हा आमच्या आईचा. दोघी तिथंच पायरीवर बसून गुडघ्यांबद्दल बोलू लागल्या. धबधब्याकडं पाठ केलेल्या माणसांत आणखी दोघींची भर पडली.

डबा खाली येऊन उघडला. तिखट-मिठाच्या पुऱ्या, लोणचं, आणि भिजलेल्या अंगाला लागते तशी भूक. खाऊन झाल्यावर आईनं पोरांना कामाला लावलं. आमचे कागद तर उचललेच, आधीच्या लोकांनी टाकलेली वेफरची पाकिटंही पिशवीत भरायला लावली. पुतण्या कुरकुरला, हे आपलं नाही म्हणून. आई म्हणाली, "गाडगेबाबा आपल्या दापुऱ्याला वाढले. आपल्या तालुक्यातल्या मानसानं असं बोलू नये." दापुरं मूर्तिजापूर तालुक्यात, बाबांचं बालपण तिथं मामाच्या घरी गेलं. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव घेतल्यावर पुतण्या काय बोलणार? त्यानं पाकिटं उचलली, मात्र मधूनमधून वास घेऊन कोणतं कशाचं ते सांगत होता.

निघताना मोठीनं विचारलं की हे पाणी मग जातं कुठं. भावाला हेच हवं होतं. सातपुड्याच्या या अंगाला पडलेलं पाणी नाल्यांतून, नद्यांतून शेवटी पूर्णेला मिळतं, पूर्णा आपल्या लाखपुरीवरून जाते, पुढं चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्रात. इतकं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. पोरांनी त्यातलं एकच घेतलं. हे पाणी लाखपुरीला येते. म्हणजे आपल्याकडंच येते. म्हणजे वाया जात नाही. धाकट्यानं सुटकेचा श्वास सोडला. पुतण्यानं सागाचं एक मोठं पान उचललं, नाल्यात सोडलं आणि ते दगडांतून वाट काढत दिसेनासं होईपर्यंत त्याच्याबरोबर काठानं चालला.

परतताना सगळे झोपले. फक्त पुतण्या जागा होता. पान आता कुठं पोचलं असेल हे तो बोटांवर मोजत होता.

पुढच्या सोमवारी आईला लाखपुरीला लक्षेश्वराच्या दर्शनाला जायचं होतं. पुतण्या आधीच तयार होऊन बसला. आम्हाला वाटलं, भक्ती. काठावर गेल्यावर कळलं की तो पान घ्यायला आलाय. पूर्णा गढूळ, दुथडी, पानं-काटक्या-फेस घेऊन चाललेली. तो बराच वेळ वाकून पाहत होता. एक सागाचं पान आलं, त्यानं हरखून हात दाखवला, मग म्हणाला, "हे नाही. माह्या पानाले भोक होतं." दुसरं आलं, तेही नव्हतं. मोठी म्हणाली, "अरे, तुहं पान कालच पुढं गेलं असन." हा विचार त्याला लागला. त्यानं भावाकडं पाहिलं.

"मंग आता ते कुठी सापडन?"

"आता थेट सुरतेला," भाऊ म्हणाला, आणि वर आपणहून जोडलं, "आपल्या स्टेशनावरून गाडी आहे की. भुसावळवरून जाते."

हे त्यानं सांगायला नको होतं. तेव्हापासून घरात सुरत निघते आणि जंक्शनच्या गावात पोरांना "गाडीच नाही" असं सांगायची सोय नसते. आईनं परवा विचारलं, तिथं राहायला कोणी ओळखीचं आहे का.